खळवाडीवरचं टेनिस कोर्ट: कामाची वही

२८ जानेवारी २०२४, रविवार

काल रोहन बोपण्णानं ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, वयाच्या ४३ व्या वर्षी. सकाळी चहाला भाऊ म्हणाला, "म्हणजे माझं एकाच वर्षानं हुकलं." भाऊ ४४ चा आहे, आणि त्यानं जन्मात रॅकेट धरलेली नाही. वही याच वाक्यानं सुरू करायची असं भाच्यानं बजावलंय, म्हणून लिहिलं.

ठरलं ते असं: घरामागच्या खळवाडीत टेनिस कोर्ट करायचं. भाचा दर शनिवारी माझ्याकडे धुळ्याला येऊन खेळतो, आठवड्यातून एकदा. बाकी सहा दिवस गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटतो आणि म्हशी दूध चोरतात, अशी वहिनीची तक्रार. जागा रिकामीच आहे. मळणीयंत्र शेतात यायला लागल्यापासून खळं कुणी करत नाही. पैसा भाऊचा, हिशेब माझा. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, नोकरी रस्त्यांच्या कामावर. माहेरी रविवारी येणं होतं, त्यामुळे वहीत रविवारच जास्त दिसतील.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पानी कथा जाई, ते पहिले सांग." म्हणजे पाणी जाणार कुठे.

४ फेब्रुवारी

अमळनेरला ९७ व्या साहित्य संमेलनाचा आज शेवटचा दिवस. येताना गावाबाहेरून वळसा घालावा लागला. तासभर उशीर झाला, तरी मोजणी उरकली.

कोर्ट स्वतः ७८ फूट लांब, दुहेरीसाठी ३६ फूट रुंद, एकेरीसाठी २७. पण खेळाडू रेषेच्या मागे पळतो, म्हणून दोन्ही टोकांना २१ फूट आणि बाजूंना १२ फूट मोकळे सोडायचे. एकूण १२० बाय ६०, म्हणजे ७,२०० चौरस फूट. खळवाडी १५० बाय ९५ भरली. पुरते.

दिशा महत्त्वाची. लांबी उत्तर-दक्षिण हवी, नाहीतर सकाळी एकाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या डोळ्यांत सूर्य. खळवाडीचा बांध जरा तिरका आहे, त्यामुळे कोर्ट बांधाला समांतर बसणार नाही. भाऊला ते डोळ्याला खुपतंय. काठी रोवून सकाळी आणि दुपारी सारख्या लांबीच्या सावल्यांची टोकं खुणावली, ती जोडली की पूर्व-पश्चिम मिळते. फोनवरचं होकायंत्रही तेच सांगत होतं, पण आबांचा विश्वास काठीवर.

पश्चिमेचा कडुलिंब आड येतोय. त्याच्या मुळ्या उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतात, तिथली काळी माती जास्त आकसते आणि त्या बाजूनं कोर्ट फाटणार. कागदावर उत्तर सोपं होतं. पण अखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका त्याच लिंबाला बांधतात, मीसुद्धा त्यावरच झुललेय. आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. कोर्ट सहा फूट पूर्वेला सरकवलं.

११ फेब्रुवारी

मातीची परीक्षा. भाऊनं शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन मापनपात्रं मागून आणली. चाळून वाळवलेली काळी माती दोन्हींत दहा-दहा ग्रॅम. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते; दोन्हींतला फरक म्हणजे मातीचा स्वभाव. परीक्षेपेक्षा रॉकेल मिळवणं अवघड गेलं. शेवटी आईच्या माळ्यावरच्या जुन्या डब्यात तळाशी निघालं, स्टोव्हच्या काळातलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी निघण्याआधी पाहिलं. रॉकेलात १० मिलिलिटर, पाण्यात १८. म्हणजे ८० टक्के फुगवटा. ५० च्या वर गेली की अतिफुगणारी म्हणायची. आबा म्हणाले, "माले इचारतीस ते सांगी देतो." मे महिन्यात या जमिनीच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो हे मलाही लहानपणापासून माहीत आहे, पण भेग कागदावर मांडता येत नाही आणि भाऊला आकडा दाखवल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

२५ फेब्रुवारी

कोणतं कोर्ट, यावर तीन आठवडे वाद. भाच्याला टीव्हीतलं निळं हवं: खाली काँक्रीट किंवा डांबर आणि वर अ‍ॅक्रिलिकचा रंग. माझं म्हणणं असं की एवढ्या फुगणाऱ्या मातीवर काँक्रीटची लादी टिकवायची तर तिच्यातल्या सळईचा खर्चच घराच्या स्लॅबएवढा होईल, आणि स्वस्तात केली तर तिसऱ्या वर्षी तडा जाऊन एक बाजू वर येईल. शिवाय आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. तापलेल्या रंगावर बुटाचा तळ मऊ पडतो, गुडघ्यांचं तर बोलायलाच नको. मातीच्या कोर्टाला तडा गेला तर फावड्यानं बुजवता येतो.

गवताचा प्रश्नच नाही. असं सांगतात की १८८० च्या सुमारास फ्रान्समधल्या कान इथे रेनशॉ बंधूंच्या गवताच्या कोर्टाची उन्हानं वाट लागायला लागली, तेव्हा त्यांनी फुटक्या मातीच्या भांड्यांचा चुरा करून त्यावर पसरला, आणि लाल मातीच्या कोर्टाची सुरुवात तिथून झाली. आज पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर जो लाल रंग दिसतो तो विटांच्या भुकटीचा, तोही वरचा दोनेक मिलिमीटर; खाली पांढऱ्या चुनखडीच्या चुऱ्याचा थर असतो. ही भुकटी म्हणजे आपली सुरखीच. जुने गवंडी चुन्यात घालायचे ती.

आबांना नकाशा समजावून सांगितला: खाली ठोकलेला मुरूम, वर चाळलेली माती, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, झाडायचं, पुन्हा पाणी. त्यांनी पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हाई ते खयं शे." म्हणजे, हे तर खळंच आहे.

१० मार्च

थर पक्के केले. जमीन १८ इंच खोदायची. तळाच्या ६ इंच काळ्या मातीत चुना मिसळायचा. त्यावर १५ इंच मुरूम, पाच इंच बारीक खडी आणि डस्ट, चार इंच चाळलेला मुरूम. अशानं कोर्ट आजूबाजूच्या जमिनीहून सहा इंच वर येईल. मुरमाचा थर नुसता भराव नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं होतं की काळ्या मातीवर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर दिला तर खालची माती मुकाट राहते. त्यांच्या हिशेबानं थर मीटरभर हवा. आम्ही पंधरा इंचांवर भागवतोय, कारण वर इमारत नाही, एक पोरगं पळणार आहे.

१७ मार्च

खोदाई सुरू. जेसीबी पहाटे सहाला. काळी माती १०८ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघणार, मोकळी झाल्यावर आणखी जास्त. ती टाकायची कुठे ही काळजी होती, पण खोदाईची बातमी गावात जेसीबीच्या आधी पोचलेली. माळाकडची हलकी जमीन असलेले दोघे ट्रॅक्टर घेऊन हजर होते. अर्धी माती त्यांनी स्वतःच्या डिझेलनं नेली.

साडेनऊला जेसीबीचा दात अडकला. चालकाला वाटलं दगड. उतरून पाहिलं तर जमिनीखाली वीतभर, मधोमध, सुमारे चाळीस फुटांची गोल थाळी: खळं. वर मातीचा थर साचला होता, त्याखाली ते जसंच्या तसं. दाताचा नुसता ओरखडा उठत होता. बैलांच्या खुरांखाली साठ-सत्तर हंगाम दाबलं गेलेलं, शेणकाल्याचे पदर मोजता येतील असं. मेढीचा, म्हणजे बैल ज्या खांबाभोवती फिरायचे त्याचा, खड्डासुद्धा सापडला, आत कुजक्या लाकडाचा भुगा.

माझी पंचाईत अशी की ते ठेवता येत नव्हतं. मधे दगडासारखा टणक गोल आणि भोवती मऊ, मग पावसाळ्यात भोवतालची माती फुगणार, मधली नाही. कोर्टाच्या पोटात बशी तयार होणार. सगळं एकसारखं मऊ चालेल, एकसारखं टणक चालेल, मिसळ चालणार नाही. आबा पायरीवर बसले होते. मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "फोडणंच पडीन का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी खळं कसं करायचे ते सांगितलं, मी न विचारता: आधी नांगरून ढेकळं फोडायची, पाणी सोडायचं, घात आली की बैल फिरवायचे, खुराला माती चिकटू नये म्हणून भुसा टाकायचा, आणि वाळत आलं की शेणकाला. घाई केली की पापुद्रे निघतात. घात म्हणजे किती ओल? तर मुठीत दाबली की लाडू व्हावा, तळहात ओला होऊ नये, आणि लाडू टाकला तर त्याचे दोन-तीनच तुकडे व्हावेत.

आमच्या प्रयोगशाळेत यालाच आर्द्रतेची इष्टतम पातळी म्हणतात, त्यासाठी साचा, हातोडा आणि भट्टी लागते.

दुपारी तीनपर्यंत फोडून झालं. मेढीचा खड्डा नकाशावर पश्चिमेच्या सर्व्हिस बॉक्समध्ये पडतो.

२४ मार्च

होळी. काम बंद.

३१ मार्च

चुना. मातीच्या वजनाच्या चार टक्के धरला तर पावणेसहा टन होतो. गोण्या फोडून पसरला आणि ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून मिसळला. चष्मे आणि हातमोजे सगळ्यांना दिले. भाऊनं हातमोजे घातले नाहीत, संध्याकाळी खोबरेल लावत बसला. पाणी शिंपडून तसंच झाकून ठेवलं.

७ एप्रिल

चुन्यानं काय केलं ते हातात घेऊन कळतं. आठ दिवसांपूर्वी चिखलासारखी चिकटणारी माती आज रव्यासारखी मोकळी. पुन्हा रोटाव्हेटर फिरवून बेबी रोलरनं दाबली. तळालाच पूर्वेकडे उतार दिला: ६० फुटांत तीन इंच, म्हणजे २४० ला १. उतार एकाच सपाटीत, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. नेटपाशी उंच आणि दोन्ही टोकांकडे उतरता, असा घराच्या छपरासारखा उतार द्यायचा नाही, नेटची उंची खोटी ठरते.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पाणी पूर्वेच्या चरात जाईल, तिथून गाळ बसायच्या टाकीत आणि मग विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात. आमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढ्या जागेवर साडेचार लाख लिटरच्या वर पडतो. गाळाची टाकी मधे नसेल तर सुरखी विहिरीचे झरे बुजवील.

२१ एप्रिल

मुरमाच्या ट्रॉल्या. परवाना असलेल्या खाणीचाच घ्यायचा, पावती प्रत्येक ट्रॉलीची, हे भाऊला तीनदा सांगितलं. पहिल्या चाळीस ब्रासात मापनपात्राची परीक्षा १० ला ११ आली, उत्तम. आजच्या लॉटमध्ये रंग जरा काळपट वाटला. परीक्षेला लावलाय.

२२ एप्रिल

भाऊचा फोन: १० ला १४. म्हणजे मुरमात खाणीच्या तोंडावरची काळी माती मिसळली आहे. नऊ ट्रॉल्या परत. पुरवठादार म्हणाला, "ताई, एवढं तर सगळेच घेतात." त्याचं खोटं नव्हतं. रस्त्यांवर घेतात, म्हणून तर रस्ते तसे आहेत. हे वाक्य मी नोकरीवर असताना बोलत नाही.

५ मे

काम पहाटे पाच ते दहा. मुरमाचे दोन थर झाले. सैल पाच-सहा इंच पसरायचा, पाणी मारायचं, आबा लाडू करून बघणार, ते मान हलवतील तेव्हाच रोलर. मी दोन ठिकाणी कोअर कटर घालून घनता काढली, दोन्ही पास झाल्या. तिसऱ्या ठिकाणी घातलाच नाही. दहाला सगळे लिंबाखाली: कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.

१२ मे

परवा अखाजी झाली. झोका लिंबालाच बांधला आणि पोरींचे पाय थेट कोर्टाच्या कडेवरून जात होते. सालदारांची सालं अखाजीला बदलतात, त्यामुळे ट्रॅक्टरवरचा माणूस गेला, नवा अजून यायचाय. उद्या लोकसभेचं मतदान. आठवडा गेल्यात जमा आहे.

२ जून

मुरूम पूर्ण. कडेनं विटांची पट्टी, आणि तिच्याबाहेर चारी बाजूंना चार फूट रुंद शेततळ्याचा प्लास्टिक कागद, जमिनीखाली वीतभर, बाहेरच्या बाजूला उतरता. शेजारच्या शेततळ्याचा उरलेला तुकडा होता. काळी माती फुगते-आकसते ती ओल बदलते म्हणून. कडेची ओल बदलू दिली नाही तर ती निम्मी गप्प बसते.

आता थांबायचं. खडी आणि वरचा थर दिवाळीच्या सुमारास. एक पावसाळा याच्यावरून जाऊ द्यायचा, जे बसायचं ते बसू दे. भाच्याचा चेहरा पाहवेना. त्याला वाटलं होतं उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायला मिळेल.

२३ जून

पहिला मोठा पाऊस रात्री. सकाळी जाऊन पाहिलं, पाणी पूर्वेच्या चरात होतं. आबा चराच्या काठावर उकिडवे बसून बघत होते. काही बोलले नाहीत.

११ ऑगस्ट

कानबाईचा सण. आमच्याकडे भाऊबंद जमलेले, रोटांची गडबड, मला स्वयंपाकघराबाहेर निघायला संध्याकाळ झाली. गावभर चिखल, कोरडी जागा एकच, त्यामुळे पाहुण्यांनी मोटरसायकली कोर्टाच्या मुरमावर लावलेल्या. मी ओरडायच्या बेतात होते. मग जवळ जाऊन बघितलं तर अकरा गाड्यांपैकी दहांच्या स्टँडचा ठसासुद्धा नाही. अकरावी, ईशान्य कोपऱ्यातली, आडवी पडलेली. स्टँड बोटभर आत गेलेला.

पाण्याची नळी लावून लेव्हल पाहिली. तो कोपरा पावणेदोन इंच खाली.

कारण कळेना. माती तीच, मुरूम तोच, लाडू तोच. रात्री जेवताना बोलले तेव्हा आई वाढता वाढता म्हणाली, "तिथं उकिरडा नव्हता का, तुझ्या आजीच्या वेळी?" आबांनाही आठवलं नव्हतं, उकिरड्यावर रोज जायची ती आई. खोदताना तिथली माती जास्त काळी आणि भुसभुशीत लागली होती, मी चांगली माती समजून सोडून दिली. "मला सांगायचं ना," म्हटलं. म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

२ सप्टेंबर

पोळा. कोपरा खणायला माणसं नाहीत आणि आज मागूही नयेत. आबांनी दाराशी जोडी उभी केली, आरती झाली. आमच्याकडे आता एकच जोडी आहे.

२९ सप्टेंबर

कोपरा उघडला. १५ बाय १२ फूट, चार फूट खोल गेल्यावर पिवळी माती लागली. मधल्या थरात कोळसा, बांगड्यांचे तुकडे, एक पितळी घुंगरू. घुंगरू आईनं धुऊन ठेवलं. पुन्हा मुरूम, सहा थरांत. यांत्रिक रोलर कोपऱ्यात वळत नाही, म्हणून धुमसानं ठोकला, दोन दिवस. एवढ्याशा कोपऱ्याला सबंध कोर्टाच्या एका थराइतकी मजुरी गेली.

६ ऑक्टोबर

नेटचे खांब. दुहेरीच्या रेषेबाहेर तीन-तीन फूट, म्हणजे दोन खांबांत ४२ फूट. तीन इंची पाइप, साडेतीन फूट खोल काँक्रीटमध्ये. नेट ताणल्यावर खांब आत झुकतात, त्यासाठी खड्डा तळाशी रुंद केला. खांबापाशी नेटची उंची साडेतीन फूट आणि मधे बरोबर तीन. मधली पट्टी जमिनीतल्या कडीला बांधायची. वेल्डिंगवाल्यानं खांबाच्या टोपीवर आपणहून कळस बसवून आणला होता. कापायला लावला. भाऊला तो आवडला होता.

२० ऑक्टोबर

सुरखी. वीटभट्टीवरून अर्धी ट्रॉली तुकडे फुकट मिळाले, बाकी विकत. दळायची कशी? पिठाच्या गिरणीवाल्यानं हात जोडले. शेवटी ताडपत्रीवर पातळ थर पसरून बेबी रोलर फिरवला आणि चाळला, पुन्हा फिरवला, पुन्हा चाळला. जास्त भाजलेली वीट दळत नाही, कच्ची वीट पाण्यात चिखल होते. मधल्या भाजणीची घ्यावी. दोन ब्रास सुरखीला सहा दिवस लागले. चाळणाऱ्या बाया संध्याकाळी लाल होऊन घरी जायच्या. नाकाला फडकं बांधा म्हणून रोज सांगावं लागलं, आणि दुपारपर्यंत ते गळ्यात यायचं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. भाऊनं ओवाळणीत स्टीलची मोजपट्टी दिली, ३० मीटरची. टोमणा आहे. मागच्या रविवारी कापडी टेपनं आखणी केली आणि दोन कर्णांत अडीच इंचांचा फरक आला. ७८ बाय ३६ चा कर्ण ८५ फूट ११ इंच यायला हवा, दोन्हीकडून सारखा. कापडी टेप ओढेल तेवढी लांबते. आज पुन्हा गुण्या धरून, दोऱ्या बांधून, स्टीलनं. फरक पाव इंचाच्या आत.

खडीचा थर ऑक्टोबरातच झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वरचा चार इंच मुरूम गव्हाच्या दाण्याएवढ्या जाळीतून चाळून दोन थरांत दाबला. शेवटच्या इंचात तीन भाग मुरूम, एक भाग सुरखी. त्याला पाटा मारताना मी दोन तास कुणालाही वर पाय ठेवू दिला नाही, कुत्र्यालासुद्धा. कुत्रं येऊन गेलंच. बेसलाईनजवळ चार पायांचे ठसे आहेत, बुजवूनही जरा दिसतात.

१० नोव्हेंबर

आबांचं म्हणणं, आता शेणकाला हवा. माझं म्हणणं, नको, ओला झाला की निसरडा होईल. भारतात मुरमाच्या जुन्या कोर्टांना शेणकाला देतच असत, हे मला माहीत होतं, पण बोलले नाही. तोडगा: उत्तरेच्या मोकळ्या पट्टीत अर्ध्या भागात शेणकाला, अर्धा तसाच. आठवडाभर बघू.

आजच चेंडूची परीक्षा घेतली. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. आमचा नवा चेंडू ओट्यावर १४० उसळला. मग कोर्टावर दर दहा फुटांवर तोच चेंडू सोडत गेलो. भाचा शिडीवर, मी मोजपट्टी धरून. बहुतेक ठिकाणी १३० च्या आसपास. एका ठिकाणी ११८. तिथं बोटानं दाबलं तर वरचा थर सुटा. उकरून पुन्हा दाबला. ईशान्य कोपरा मात्र १३२.

१७ नोव्हेंबर

शेणकाल्याची पट्टी जिंकली. पश्चिमेकडून वारं सुटलं तेव्हा साध्या भागावरून सुरखी उडत होती, शेणकाल्यावरून नाही. पाणी मारल्यावर दहा मिनिटं निसरडी असते, मग नाही. सबंध कोर्टाला द्यायचं ठरलं, अगदी पातळ, गाळून. भाच्याच्या पांढऱ्या मोज्यांचं काय होईल ते वहिनी बघून घेईल.

धूळ दाबायला मीठ टाकावं असं भाऊला कुणीतरी सांगितलं. लाल मातीच्या कोर्टांवर कॅल्शियम क्लोराईड टाकतात, ते हवेतली ओल ओढून घेतं. पण एप्रिल-मेच्या दुपारी आमच्या हवेत ओढून घेण्यासारखं असतंच काय?

पश्चिमेला आठ फूट उंच हिरवी शेडनेट ताणली, केळीच्या रोपवाटिकेतली जुनी. वारा अडतो आणि चेंडू लिंबाखाली जात नाही.

२४ नोव्हेंबर

परवा-तेरवापर्यंत सगळे विधानसभेच्या निवडणुकीत. काल निकाल लागला, आज माणसं मोकळी. सकाळी फक्की नाही, ओला चुना ब्रशनं मारून रेषा काढल्या: दोन इंची, बेसलाईन चार इंची. नेट चढवलं.

भाच्यानं पहिली सर्व्हिस नेटमध्ये मारली. दुसरीही. मग आबा म्हणाले, "नेट खाले कर." करायचं नाही असं त्याला दोघांनी मिळून समजावलं. तासभर खेळलो. मी पॉलिटेक्निकनंतर पहिल्यांदाच. चेंडू अपेक्षेपेक्षा हळू येतो आणि वर उठतो, त्यामुळे माझ्यासारखीला पोचायला वेळ मिळतो. पश्चिमेच्या सर्व्हिस बॉक्समध्ये मेढ नेमकी कुठे होती ते आता दाखवता येत नाही. आबांना येतं.

१५ डिसेंबर

रोजची कामं भिंतीवर लिहून लावली: खेळ संपला की गोणपाट ओढायचं, टोकाकडून आत गोल गोल, रेषा झाडायच्या, संध्याकाळी पाणी. एक मिलिमीटर पाणी म्हणजे ६६९ लिटर. थंडीत दीड-दोन मिलिमीटर पुरतं. हा आकडा मी लिहिला तेव्हा आबा पाठीमागे उभे होते. विहिरीवर हरभराही आहे.

१२ जानेवारी २०२५

तूर निघाली. आबांनी दोनदा आडून विचारलं, मग सरळ विचारलं. कोर्टावर नाही म्हटलं. शेवटी उत्तरेच्या बेसलाईनमागच्या २१ फुटांत ताडपत्री टाकून दोन दिवस तूर वाळली आणि झोडपली गेली. भाचा दक्षिणेकडून सर्व्हिस करत होता. दोन चेंडू तुरीत गेले, एक अजून सापडलेला नाही. नंतर लेव्हल पाहिली, फरक नाही.

हिशेब बंद केला. निम्म्याहून जास्त पैसा जमिनीखाली गेलाय, आणि पाहायला येणारा प्रत्येक माणूस आधी जाळीची किंमत विचारतो.

मार्चअखेर नेट उतरवायचं, घडी करून माळ्यावर. एप्रिल ते जून कोर्टाला पाणी नाही. पातळ मुरूम पसरून झाकून ठेवायचं, मृगानंतर उघडायचं. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.